पाटीबाहेरचं एक

माझ्या पदवीच्या कागदावर विद्यापीठाचा शिक्का आहे, खाली कुणाची तरी लपेटदार सही आहे आणि मधे माझं, महादूचं, नाव आहे. कासमभाई बत्तीवाल्यांचं नाव त्यावर नाही. आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी शाळेची पायरी चढलं नव्हतं. मी चढलो, मॅट्रिक झालो, पुढं पुण्याला जाऊन बी.ए. झालो, ते बारामतीच्या पेठेत गॅसबत्त्या भाड्यानं देणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या या एका माणसामुळं. त्यांना स्वतःला मराठी वाचता येत नव्हतं. मशिदीतल्या मौलवींकडं लहानपणी शिकलेली उर्दू अक्षरं ते बोट ठेवून ठेवून लावत, आणि मराठी काही आलं की शेजारच्या रामभाऊ शिंप्याला हाक मारत.

आम्ही वरकुट्याचे, इंदापूर तालुक्यातले. वडील, म्हणजे आबा, मेंढरं राखायचे. पाऊस सरला की कळप घेऊन निघायचे, कुणाच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायची, त्याच्या बदल्यात ज्वारी-बाजरी घ्यायची आणि पुढच्या रानाला लागायचं. मी हायस्कुलात जावं हे गावातल्या शाळामास्तरांनी त्यांच्या डोक्यात भरवलं, तेव्हा बारामतीत कुणाकडं राहायचं याचा विचार कुणीच केला नव्हता. आबा मला घेऊन आले, कॅनॉलच्या कडेला मेंढरं चुलत्याच्या हवाली केली आणि आम्ही दोघं पेठेत एका दुकानाच्या फळीवर टेकलो. दुकानदार बत्तीच्या टाकीत हवा भरत होता. त्यानं वर न बघताच विचारलं, "पावनं कुठलं?" तासाभरानं आबा उठून गेले आणि मी तिथंच राहिलो. सहा वर्षं राहिलो.

दुकानाच्या मागं दोन खोल्या. पुढं भिंतीला खिळ्यांवर टांगलेल्या वीस-पंचवीस बत्त्या, काचा पुसायच्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या, रॉकेलचा वास. दुरुस्त केलेली बत्ती गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी तासभर जाळून बघायची असा कासमभाईंचा नेम होता. लग्नाच्या वरातीत बत्ती विझली तर लोक बत्तीला नाही, बत्तीवाल्याला शिव्या देतात, असं ते म्हणत. त्या तासाभराच्या उजेडात मी बसायचो. एक बत्ती झाली की दुसरी. माझी भूमिती, माझं इंग्रजी सगळं त्या चाचणीच्या उजेडात झालं. लग्नसराईत माझा अभ्यास चांगला होई आणि पावसाळ्यात मागं पडे, आणि वर्गातल्या मास्तरांना याचं कारण कधी उमगलं नाही. चाची, म्हणजे कासमभाईंच्या घरवाल्या, मला मटकीची आमटी आणि ज्वारीची भाकरी वाढत. आमच्या आईला ते कळलं तेव्हा ती दोन दिवस गप्प होती. तिसऱ्या दिवशी तिनं स्वतः कातलेल्या लोकरीचं घोंगडं आबांच्या खांद्यावर टाकलं आणि म्हणाली, "त्या बाईला द्या. पोराला पोटभर घालतीया."

आता चित्रांकडं येतो. आज ज्याला माहितीपट म्हणतात ती गोष्ट तेव्हा होती, पण तिला नाव नव्हतं. आम्ही तिला 'खरी चित्रं' म्हणायचो. राजाराणीची, मारामारीची ती खोटी चित्रं. आणि मधमाशा, आगबोटी, चहाचे मळे, रेशमाचे किडे दाखवणारी ती खरी. पुण्यातल्या कुणा हितचिंतक मंडळींच्या वतीनं त्या रिळांचे पत्र्याचे डबे दौंडवरून छोट्या गाडीनं बारामतीला येत, आणि आसपासच्या गावांतून ती दाखवण्याचं काम कासमभाईंकडं होतं. धंदा बुडालेल्या एका तंबू-सिनेमावाल्याचं हातानं फिरवायचं यंत्र त्यांनी घेतलं होतं, आणि कार्बाइडच्या दिव्याची जात तर त्यांच्या हातातलीच. रीळ गावात न्यायच्या आधी फाटलंय का, सांधा सुटलाय का, हे बघावं लागे. बत्तीसारखंच. म्हणून बाजाराच्या आदल्या दिवशी दुपारी गुळाच्या अडतीच्या गोदामात खिडक्यांना पोती लावून अंधार करायचा आणि रीळ एकदा चालवून बघायचं. त्या तपासणीला जी माणसं गोळा होऊ लागली, तीच आमची मंडळी.

मंडळी म्हणजे आम्ही चौघं धरून चालायला हरकत नाही. कासमभाई हँडल फिरवायचे. रामभाऊ शिंपी गळ्यातली मापाची फीत न काढताच यायचे. दवाखान्यातले कंपाउंडर वसंतराव, यांना चित्रांचा इतका नाद की औषधाच्या बाटल्यांवर कागदाची पट्टी चिकटवता चिकटवता ते गेल्या आठवड्याच्या चित्रावर बोलत आणि रोग्याला उगाच ताटकळावं लागे. आणि मी. ही चित्रं मुकी होती. मधे मधे काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत इंग्रजी मजकूर येई, त्याला आम्ही पाटी म्हणायचो. पाटी वाचून लगेच मराठीत मोठ्यानं सांगायचं काम माझं. वसंतरावांना इंग्रजी औषधांच्या नावापुरतं येत होतं. म्हणजे पाटीवर काय आहे ते सबंध गोदामात एकट्या मला कळे. सोळा-सतरा वर्षांच्या पोराला ही केवढी मोठी गोष्ट वाटत असेल. गुळाच्या ढेपींवर बसायचं, गांधीलमाश्या कानाशी घोंगावत असायच्या, कार्बाइडचा तो लसणीसारखा वास, हँडलची खटखट, आणि पाटी आली की तिघंही माझ्याकडं तोंड वळवून थांबायचे.

आमचा नियम एका दीपगृहाच्या चित्रावरून पडला. समुद्रातल्या खडकावर एक म्हातारा दिवा सांभाळत होता. पाटी मी वाचली: या माणसाला सहा सहा महिने मनुष्याचं तोंड दिसत नाही.

"मग ह्यो त्याच्या म्होरं हँडल फिरवत उभा हाय तो कोन, भूत?" कासमभाई अंधारातनं म्हणाले.

वसंतराव वैतागले. "अहो, चित्र काढणारा त्यात धरायचा नसतो."

"का? त्यो मानूस न्हाय?"

"तो नियमच आहे."

"म्हातारा त्याच्याकडं बघून हसला की," रामभाऊ म्हणाले. "मी बघितलं. आन त्याच्या कोटाला नवी बटनं हुती. तीन जुनी, दोन नवी. फोटूसाठी लावली आसनार."

त्यावर अंधार पडेपर्यंत वाद झाला. फोटो काढला म्हणजे खरं, कारण यंत्र खोटं बोलत नाही, हे वसंतरावांचं म्हणणं. यंत्र कुठं उभं करायचं ते माणूसच ठरवतो, हे कासमभाईंचं. शेवटी ठरलं असं की चित्र संपलं की प्रत्येकानं, पाटीनं न सांगितलेली पण डोळ्यांनी दिसलेली एक गोष्ट सांगायचीच. 'पाटीबाहेरचं एक' असं त्याचं नाव पडलं. ज्याला काही दिसलं नसेल त्यानं सगळ्यांना चहा पाजायचा. बहुतेक वेळा वसंतरावच पाजत. पुढं कॉलेजात मोठमोठ्या ग्रंथांवरची व्याख्यानं मी ऐकली, पण वाचायचं कसं हे मी गुळाच्या गोदामात शिकलो असं मला वाटतं. अर्थात शिकलो म्हणावं का, हा प्रश्न पुढची हकीकत आठवली की पुन्हा उभा राहतो.

मॅट्रिकची परीक्षा नुकतीच झाली होती. उन्हाळा कडक होता. त्या खेपेचा डबा नारूच्या चित्राचा होता. नारू म्हणजे काय हे आताच्या मुलांना सांगावं लागेल. पिण्याच्या पाण्यातून तो पोटात जाई, आणि वर्षभरानं पायाला फोड येऊन त्यातून दोऱ्यासारखा लांब किडा बाहेर पडे. तो तुटू न देता काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा ओढायचा. ऐन कामाच्या दिवसांत माणसं महिना महिना अंथरुणाला खिळत. नारू निघालेला पाय पाण्यात पडला की त्याची बी पाण्यात उतरे, आणि आमच्याकडच्या विहिरी पायऱ्यांच्या, पाण्यात उतरूनच घागर भरायची. आबांच्या नडगीवर नारूचा जुना वण होता. तसा वण गावातल्या निम्म्या पायांवर होता.

चित्रात आधी विहीर आली, पायऱ्या, बायका, घागरी. मग चांगलं मोठं करून दाखवलेलं एक पाऊल. मी पाट्या वाचत होतो. मग माळावरून धूळ उडवत एक कळप आला आणि कळपाच्या पुढं एक माणूस. तो दूर होता तेव्हाच मी त्याच्या चालीवरून ओळखला. डाव्या खांद्यावर घोंगडं असल्यामुळं आबांचा तो खांदा नेहमी थोडा खाली असे. ते विहिरीच्या पायऱ्या उतरले, ओणवे झाले, ओंजळीनं पाणी प्यायले, आणि तोंड वर करून सरळ आमच्याकडं बघितलं. ओठांवरून पाणी गळत होतं. आणि पाटी आली.

पाटीचा अर्थ असा होता: हा अडाणी मेंढपाळ एका विहिरीवरून दुसऱ्या विहिरीवर रोग घेऊन जातो.

तिघांची तोंडं माझ्याकडं वळली. मी वाचलं, "हा माणूस तहानलेला आहे. तो फार लांबून आला आहे."

हे शब्द कुठून आले ते मला आजही सांगता येत नाही. मी विचार करून बोललो नाही. पुढच्या पाट्या मी बरोबर वाचल्या, पाणी फडक्यानं गाळून प्या, विहिरीत पाय घालू नका, सगळं. पोती काढली, उजेड आला आणि वाद सुरू झाला.

"हे चित्र नारूचं," वसंतराव म्हणाले. "त्यात हा तहानलेला माणूस मधेच कशाला घातलाय? काही संबंध लागत नाही."

"दया यावी म्हनून आसंल," रामभाऊ म्हणाले.

"दया कशाची? अहो, तो तेच पाणी पितोय, ते वाईट, असं सांगायला हवं होतं. चित्र काढणारे मूर्ख आहेत."

"माझं पाटीबाहेरचं सांगतो," रामभाऊ म्हणाले. "त्याच्या पटक्याचा शेव वला हुता. कापूस वला झाला की कसा पडतो ते मला कळतं. वाळलेला आसता तर वाऱ्यानं हालला आसता. ह्यो तसाच लोंबत हुता."

वाटेवर पाणी प्यायचं तर आबा पटक्याचा शेव, म्हणजे त्याचं टोक, सोडून पाण्यावर धरत आणि त्यातून पाणी पीत. त्यांच्या बापानंही तसंच केलेलं. पाण्यातला काडीकचरा तोंडात जाऊ नये म्हणून. नारूचं त्यांना काही माहीत नव्हतं. म्हणजे आबा गाळून पाणी प्यायले होते, आणि मग यंत्रवाल्यानं त्यांना नुसत्या ओंजळीनं पुन्हा प्यायला लावलं होतं. पाटी खोटी होती. पण हे सांगायचं तर आधी पाटीवर काय होतं ते सांगावं लागलं असतं. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो, मला काही दिसलं नाही. नियम पडल्यापासून पहिल्यांदा चहा मी पाजला. कासमभाईंनी त्या दिवशी पाटीबाहेरचं काही सांगितलंच नाही, आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

दुकानाकडं परत येताना यंत्राची पेटी आम्ही दोघांनी धरली होती. कासमभाई म्हणाले, "दौंडात डबा आणाया गेलो तवा ह्या पाटीला तिथल्या मास्तरानं दुसरंच वाचलं हुतं."

म्हणजे दौंडात त्यांनी ते आधीच बघितलं होतं. रामभाऊ-वसंतरावांनी आबांना कधी नीट पाहिलं नव्हतं, पण कासमभाई त्यांना माझ्याइतकंच चांगलं ओळखत होते.

"मला आधी का नाही सांगितलंत?" मी म्हणालो.

"सांगितलं आसतं तर बघायच्या आदीच तू काय वाचायचं ते ठरवलं आसतंस." थोडं चालून ते म्हणाले, "म्होरच्या आठवड्यात ही पेटी इंदापूरकडं न्यायची हाय. तिथनं वरकुट्याला. वाचनारा तूच. मला काय इंग्रजी येत न्हाय बेटा. तू वाचशील ते मला खरं."

ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

तो आठवडा माझा कसा गेला ते मी नीट सांगू शकत नाही. वरकुट्याला सर्जेरावांच्या मळ्यातली विहीर ही गावची प्यायच्या पाण्याची विहीर. दर उन्हाळ्यात आबा सर्जेरावांच्या रानात मेंढरं बसवत, आणि त्याच विहिरीवर आमचं सगळ्यांचं पाणी. 'रोग घेऊन जातो' असं गावासमोर वाचलं तर त्या विहिरीवर आबांना कोण उतरू देणार? आणि नाही वाचलं, गोडगोड वाचलं, तर विहीर आहे तशीच राहणार. मी मनात दोन्ही मजकूर पाठ केले. इंदापूरला सर्व्हिस मोटारीनं गेलो आणि पुढं बैलगाडीनं, तेव्हा 'तहानलेला' वाचायचं असं ठरवूनच घराच्या अंगणात पाय ठेवला. तर धाकटी बहीण ठकी दाराशी पाय लांब करून बसली होती. घोट्याला रुईचं पान बांधलेलं, पानाखालून काडी दिसत होती. आठ वर्षांची पोर. मला बघून हसली आणि म्हणाली, "दादा, माजा नारू ईतभर निगालाय."

त्या संध्याकाळी दिवेलागण झाल्यावर मारुतीच्या देवळापुढं दोन बांबूंना धोतर ताणून चित्र लावलं. सगळं गाव आलं होतं. सर्जेराव पुढं बाजल्यावर, आबा मागं धनगरवाड्यातल्या माणसांत, ठकी आईच्या मांडीवर. पडद्यावर कळप आला तशी पोरं ओरडली, "धोंडिबातात्या! धोंडिबातात्या हाय!" हशा झाला, कुणी आबांच्या पाठीवर थाप मारली, कुणी म्हणालं, "मर्दा, सायबाच्या डब्यात कवा शिरलास?" आबा संकोचून हसत होते. पडद्यावरचे आबा पाणी प्यायले, वर बघितलं, आणि पाटी आली. मी पाटी वाचली. जशी होती तशी, 'अडाणी' धरून वाचली.

पहिल्यांदा कुणालाच कळलं नाही की हे आत्ताच हसत होते त्याच माणसाबद्दल आहे. मग एकेक मान मागं वळली. मी घाईघाईनं म्हणालो की थांबा, पाटीवर आहे ते मी वाचलं, पण ते खरं नाही, त्यांच्या पटक्याचा शेव बघा, ओला आहे, ते पाणी गाळूनच पितात. माझा आवाज तोच, पाटी वाचणाराही मीच आणि पाटी खोटी म्हणणाराही मीच. लोकांनी कुठला महादू धरायचा? यंत्र मधेच थांबवता येत नव्हतं, थांबवलं तर दिव्याच्या आचेनं रीळ पेटतं. चित्र संपल्यावर कासमभाईंनी कुणी न सांगताच रीळ उलटं गुंडाळलं आणि तेवढा तुकडा पुन्हा लावला. वारा सुटला होता, धोतर हलत होतं, आणि त्या हलत्या धोतरावर आबांचा पटका ओला की वाळका हे बघायला सगळं गाव माना पुढं काढून बसलं होतं. कुणी म्हणालं वला हाय. कुणी म्हणालं सावली हाय. एक म्हातारी म्हणाली, "वला आसला न्हाय वाळका आसला, मानूस आपला धोंडिबाच हाय न्हवं?" मला अजून वाटतं की त्या सभेत मुद्द्याचं तेवढंच कुणीतरी बोललं.

दुसऱ्या दिवशी सर्जेरावांनी गड्यांकरवी विहिरीच्या पायऱ्यांवर बाभळीच्या फांद्या टाकल्या. आबांना ते म्हणाले, "धोंडिबा, राग मानू नगं. तुमा लोकांना वरनंच पानी काढून द्यायला गडी ठिवतो." आबा म्हणाले, "बरं." त्या उन्हाळ्यात मी सुट्टीभर बघितलं, लहानपणापासून ज्या विहिरीत ते उतरले तिच्या काठावर माझा बाप ओंजळ धरून उभा राही, आणि गडी येईपर्यंत थांबे. पुढं वर्षभरात त्याच विहिरीवर रहाट बसला, पायऱ्या सगळ्यांनाच बंद झाल्या, घरोघरी घागरीच्या तोंडाला फडकं आलं, आणि गावातला नारू हटत गेला. ठकीला तो पुन्हा झाला नाही. ती आता पणजी आहे. पण आबा काठावर उभे राहिले तो उन्हाळा यामुळं पुसला गेला असं मला म्हणता येत नाही. मी या दोन गोष्टी एका कागदावर मांडून अनेकदा बघितल्या. वजाबाकी जमत नाही.

बारामतीला परत निघायच्या आदल्या दिवशी मी आबांजवळ बसलो. ते लोकर विंचरत होते. आई चुलीवर भाकरी थापत होती, तिच्या थापण्याचा आवाज मधे मधे थांबे, म्हणजे ती ऐकत होती. मी विचारलं, "आबा, त्या दिवशी पानी गाळून प्यालावता न्हवं?"

"कंच्या दिवशी?"

"फोटू काढला त्या दिवशी. तीन पायाचं खोकं घेऊन आलेवते ते."

"गाळलं का न्हाय, आता कसं सांगू बाबा. येरवी गाळतोच."

"पटक्याचा शेव वला हुता."

"तोंड पुसलं आसंल." मग लोकर बाजूला ठेवून म्हणाले, "लई तान लागली हुती त्या दिवशी. लई लांबनं आलोवतो. तेवडं आठवतं."

आईची भाकरी तव्यावर पडल्याचा आवाज आला.

"तू वाचलंस ते तितं लिवलेलं हुतं न्हवं?" आबांनी विचारलं.

"व्हय."

"मंग झालं तर," ते म्हणाले आणि पुन्हा लोकर हातात घेतली.

बारामतीला आलो, मॅट्रिकचा निकाल लागला, कासमभाई माझी ट्रंक घेऊन पुण्यापर्यंत सोडायला आले. वाटेत आम्ही दोघंही त्या पाटीबद्दल बोललो नाही. चार वर्षांनी बी.ए. झालो, तेव्हा निकालाचं पहिलं पत्र त्यांना लिहिलं. त्याचा कच्चा मसुदा माझ्या वहीत राहिला, तो उतरवून देतो.

ती. कासमभाई यांस,

महादूचा सलाम. चाचींनाही सांगावा.

पत्र रामभाऊच वाचून दाखवतील, म्हणून आधी त्यांना विनंती. रामभाऊ, पुढे जे लिहिले आहे ते जसेच्या तसे वाचा. तुम्हाला संकोच वाटला तरी एक शब्दही बदलू नका. का ते लगेच कळेल.

मी बी.ए. पास झालो. ही बातमी आधी तुम्हाला, मग घरी.

नारूच्या चित्रात गोदामात मी जी पाटी वाचली ती पाटीवर नव्हती. तिथे लिहिले होते की हा अडाणी मेंढपाळ रोग घेऊन जातो. तो मेंढपाळ माझे वडील. कासमभाई, हे तुम्हाला त्याच दिवशी ठाऊक होते. रामभाऊ आणि वसंतराव यांनी मात्र माझ्या खोट्या पाटीवर दुपारभर डोके शिणवले. दोघांची माफी मागतो. वसंतरावांना हेही सांगावे की संबंध लागत नव्हता तो त्यांची समज कमी म्हणून नव्हे.

वरकुट्याला मी खरी वाचली, ती तुम्ही ऐकलीच. नंतर मी आबांना विचारले. गाळून प्यायलो की नाही ते त्यांना आठवत नाही. फार तहान लागली होती आणि फार लांबून आलो होतो, एवढेच आठवते. मी गोदामात काय वाचले ते त्यांना कुणी सांगितलेले नव्हते. माझी पाटी मी बापाची लाज झाकायला बनवली, आणि तीच त्यांच्या तोंडून आली. दुसरी पाटी छापलेली होती. तिने त्यांना काठावर उभे केले आणि माझ्या बहिणीचा पाय वाचवला. यातली खरी कुठली, हे मला कॉलेजात चार वर्षे घालवून कळलेले नाही. पदवी मिळाली म्हणजे आता कळत असेल असे समजू नका.

त्या दिवशी तुम्ही मला खोटा म्हणाला नाहीत. तू वाचशील ते मला खरे, एवढेच म्हणालात. तेव्हापासून कुठलेही वाक्य वाचताना ते कुणाला तरी ऐकू जाणार आहे असे समजून वाचतो. मी जे काही शिकलो ते हे.

रामभाऊ, आता तुमच्याकडे एक मागणे. पत्र ऐकून कासमभाई काय म्हणाले ते मला कळवू नका. वाचता वाचता तुम्ही मान वर करून त्यांच्याकडे बघितलेच असेल. तेव्हा जे दिसले त्यातले पाटीबाहेरचे एक, तेवढे लिहून पाठवा.

तुमचा
महादू